चौकोनी पाच सेंट

नेदरलँड्सच्या राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, डीमनच्या फुटपाथांवर चादरी पसरून लोक घरातली अडगळ विकायला बसतात. तिथे एका आजींच्या बिस्किटांच्या डब्यात चौकोनी नाणं दिसलं. कोपरे गोलसर, आपल्या पाच पैशांचं सख्खं भावंडच. वर लिहिलेलं, सुरीनाम, ५ सेंट.

आजी शेजारच्या बायल्मरमधल्या. पणजोबा उसाच्या मळ्यांवर काम करायला कलकत्त्याहून जहाजाने सुरीनामला गेलेले. त्या सरनामीत, म्हणजे तिथल्या हिंदुस्तानी लोकांच्या बोलीत बोलल्या, मी मराठी वळणाच्या हिंदीत. छान जमलं.

सुरीनाम २५ नोव्हेंबर १९७५ रोजी डचांपासून स्वतंत्र झाला, पण गिल्डर तसाच राहिला. पुढे महागाईने तो इतका झिजला की सेंटला कुणी विचारेना. मग १ जानेवारी २००४ पासून हजार गिल्डरचा एक डॉलर ठरला. नव्या नोटा कॅनडाहून यायच्या होत्या, त्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पोचल्याच नाहीत. सेंटची जुनी नाणी मात्र त्याच आकड्याने नव्या डॉलरचे सेंट म्हणून चालू झाली. डब्यात पडून असलेली चिल्लर एका रात्रीत हजारपट मोलाची!

स्वातंत्र्य मध्यरात्री मिळालं तरी सकाळी दूध घ्यावंच लागतं, आणि दूधवाल्याला पैसे द्यावे लागतात.

मी नाशिकरोडची. आमच्याकडे 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे ना स्वतःची मध्यवर्ती बँक होती, ना नोटा छापायची सोय. काही महिने आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं चलन सांभाळत होती. १९४८ च्या एप्रिलपासून पाकिस्तानात ज्या नोटा चालल्या, त्या नाशिकला छापलेल्या होत्या. सहाव्या जॉर्जचा चेहरा तोच, रिझर्व्ह बँकेचं नाव तेच. कोऱ्या जागेत वर इंग्रजीत 'गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. काळ कोणता, तर काश्मीरमध्ये लढाई चाललेली, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटींवरून देश तापून गेलेला आणि गांधीजींच्या खुनाला जेमतेम दोन महिने झालेले. अशा दिवसांत गोदाकाठच्या गावातली माणसं शेजाऱ्याचं नाव नीट, सुबक अक्षरांत छापत होती. कराचीत कुणी त्या नोटेवर पीठ घेतलं असेल, कुणी मुलाच्या शाळेची फी भरली असेल. १ जुलै १९४८ ला पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली. नाशिकच्या त्या नोटांचा प्रसंग शाळेच्या पुस्तकात असायला हवा. फाळणीतल्या कत्तली आम्ही शिकलो, ते योग्यच झालं. पण ही नोटही शिकवायला हवी होती.

आपल्या नाण्यांवर तरी अशोकस्तंभाचे सिंह कधी आले? १५ ऑगस्ट १९५० ला. तोवर स्वतंत्र भारताच्या खिशात राजाच खुळखुळत होता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि त्यांत हे चौकोनी पाच पैसे. मला कोपरे असलेली नाणी फार आवडतात. अंधारातही बोटांना ती ओळखू येतात, भाजीवाल्या मावशींना चष्मा शोधावा लागत नाही. आताची एक आणि दोन रुपयांची नाणी पाडताना हा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

डचांनी २००२ मध्ये गिल्डर आपणहून सोडला, तरी त्यांची मध्यवर्ती बँक गिल्डरच्या शेवटच्या नोटा १ जानेवारी २०३२ पर्यंत बदलून देणार आहे. तीस वर्षांची मुदत! ज्या राज्याच्या नोटा रद्द झाल्यावरही लोकांची झोप उडत नाही, तिथल्या कारभाराबद्दल मला आदर वाटतो.