आमची तामण

महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं? हल्ली घरी येईल त्याला मी हा प्रश्न विचारते. कुणी मोगरा म्हणतं, कुणी कमळ, एकाने तर झेंडू सांगितलं. उत्तर आहे तामण. त्यावर हमखास पुढचा प्रश्न, "म्हणजे पूजेतलं ताम्हण?" असो!

कोकणात वहाळाच्या काठाने तामण आपसूक वाढते. हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात, फाल्गुनात नवी पालवी फुटते आणि ऐन उन्हाळ्यात फांद्यांच्या शेंड्यांना जांभळे तुरे येतात. फुलाला सहा पाकळ्या, क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. तुरा खालून वर उमलत जातो आणि जुनी फुलं फिकट होत जातात, त्यामुळे एकाच तुऱ्यात गडद जांभळ्यापासून फिक्या गुलाबीपर्यंत सगळ्या छटा असतात.

हे सगळं मला आईने सांगितलेलं. तिचं माहेर लांज्याजवळचं. पुण्यात माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिने दोनच गोष्टी मागितल्या. सकाळी रेडिओ आणि खिडकीतून दिसेल असं एक तामणीचं झाड. 2014च्या जूनमध्ये नर्सरीतून हातभर उंचीचं रोप आणलं आणि सोसायटीच्या कुंपणाजवळ, टाकीचं पाणी वाहून जातं तिथे लावलं. वहाळ नाही तर नाही, टाकी तरी!

पहिले दोन उन्हाळे एक दिवसाआड बादलीभर पाणी घातलं. बुंध्याशी वाळक्या पानांचा थर घालायचा आणि झाडूवाल्या मावशींनी तो पेटवून देऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं. 2017 साली आवारात फरशा बसल्या, तेव्हा बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी ठेवा म्हणून दिवसभर कामगारांजवळ उभी राहिले. झाड मात्र गुणी. पाचव्या वर्षी दुसऱ्या मजल्याला टेकलं. फूल? एकही नाही.

सल्ले भरपूर मिळाले. खत घाला, खत बंद करा, मुळाशी खिळा ठोका. खालच्या काकूंचं ठाम मत, "हे नर झाड आहे." (तामणीत नर-मादी असा प्रकारच नाही. एकाच फुलात दोन्ही असतं.)

दरम्यान आईच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. ती ज्याच्याकडे बघेल ते मध्यभागी पुसट आणि कडेचं तेवढं स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवू. ती खिडकीत बसून काही विचारायची नाही. मीच रोज शेंडे बघायचे.

2021च्या एप्रिलअखेरीस सोसायटीची नेहमीची छाटणी झाली. पावसात फांद्या गाड्यांवर पडू नयेत म्हणून ती दरवर्षी तेव्हाच व्हायची. खाली फांद्यांचा ढीग पडला होता. फिरून येताना आई तिथे थबकली, एक डहाळी उचलली आणि शेंड्यावरून बोटं फिरवत राहिली.

"अगं, ह्या कळ्या आहेत. चुण्या लागतायत बोटांना."

खरंच होत्या. मटाराएवढ्या, तपकिरी, उभ्या रेघांच्या. तामणीला फूल येतं ते त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या डहाळीच्या टोकाला, आणि तेच टोक दर एप्रिलात करवतीखाली जात होतं. झाड दरवर्षी फुलायला निघत होतं. त्याला फुलू दिलं जात नव्हतं.

मग सोसायटीच्या बैठका. एकदा "पुढच्या वेळी बघू", एकदा "एका झाडासाठी माणसं दोनदा कशी बोलवायची?" शेवटी 2022च्या पावसाळ्यानंतर ठराव झाला. तामणीची छाटणी जानेवारीत, पानं गळल्यावर, आणि तीही फक्त वाळक्या आणि गाड्यांकडे झुकलेल्या फांद्यांची. खत तेच, पाणी तेच. बदलली ती फक्त तारीख.

2023च्या मे महिन्यात तीन तुरे आले. मी आईला खाली घेऊन गेले. ती तुऱ्याकडे सरळ न बघता मान जरा वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. आता तिला तसंच बघावं लागतं. बराच वेळ बघून म्हणाली, "आमच्याकडची जरा गडद असते." माहेरचं ते माहेरचंच!

त्यानंतर दरवर्षी तुरे वाढतायत. तुमच्याकडे न फुलणारं झाड असेल, तर खत बदलण्याआधी छाटणी कधी होते ते एकदा बघा. आणि तामणीची सुकलेली बोंडं मी जपून ठेवली आहेत, आत पंख असलेल्या बारीक बिया असतात. हव्या असतील तर कळवा. फक्त जागा पाण्याजवळची निवडा आणि करवतवाल्याशी आधीच बोलून ठेवा.