राक्षस काळाच का असतो?



चौथीच्या कोणत्याही वर्गात "परी कशी दिसते?" असं विचारून पहा. गोरीपान, लांब सोनेरी केस, पांढरा झगा. "आणि राक्षस?" काळाकुट्ट, सुळे बाहेर, झिपरे केस, वाढलेली नखं. पोरांनी दोघांपैकी कुणालाच पाहिलेलं नसतं, तरी सगळ्या वर्गाचं उत्तर एकच येतं. चित्र रंगवताना परीसाठी जो फिकट गुलाबी खडू शोधतात, त्याला मुलं 'स्किन कलर' म्हणतात. माझ्या वर्गातल्या एकाही हाताशी तो रंग जुळत नाही.

आपल्याकडच्या भुताखेतांचंही तसंच. हडळीचे पाय उलटे आणि केस मोकळे. मग वेणी सुटलेल्या पोरीला घरचे सहज म्हणतात, "काय हडळीवानी फिरतं?" नखं वाढली की राक्षस, दात घासले नाही की राक्षस. नखं कापा, केस विंचरा हे सांगायलाच हवं, रोज सांगतो. पण नखं कापता येतात, कातडीचा रंग कापता येत नाही. राक्षसाच्या वर्णनात आपण या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो आणि मुलाला त्यातला फरक कळत नाही.

हे मला गेल्या वर्षी नीट दिसलं. स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यासाठी पऱ्या निवडत होतो. एका कोलाम मुलीनं हात वर केला. मागून आवाज आला, "मॅडम, ते तं काळी आहे, तिले राक्षसीण करा न!" वर्ग हसला, तिनं हात खाली घेतला. बोलणारा पोरगा काही वाईट नव्हता, तो फक्त गोष्टीतला नियम सांगत होता. दुसऱ्या दिवशी ती तोंडभर पावडर थापून आली. चेहरा पांढरा, मान तशीच. तिच्या लेखी ती 'नीटनेटकी' होऊन आली होती.

त्या आठवड्यात भाषेच्या तासाला फळ्यावर दोन रकाने केले : 'बदलता येतं' आणि 'बदलता येत नाही'. राक्षसाच्या अंगावरची एकेक गोष्ट मुलांनी त्यात टाकायची. नखं, मळ, विस्कटलेले केस पहिल्यात गेले. रंग, उंची, कुरळे केस, पुढे आलेले दात दुसऱ्यात. मग विचारलं, दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींनी कुणी दुष्ट होतो का? वर्ग गप्प. मग एकजण म्हणाला, "मॅडम, राक्षस तं पोरं खाते म्हणून राक्षस राह्यते."

याच धाग्यावर पुढचे तास गेले. विठोबा काळा, कृष्ण सावळा, हे मुलांना माहीत होतंच. फक्त राक्षसाशेजारी ठेवून कुणी पाहिलं नव्हतं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि दसऱ्याला तिथं दहनाऐवजी पूजा होते, हे ऐकून पोरं चाट पडली. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी दिवाळीतल्या घुसाडीचं वर्णन केलं : डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, खोट्या दाढीमिशा, कमरेला घुंगरं. अनोळखी माणूस दचकेल असं रूप, पण गोंड घरांत त्याचा देवासारखा मान. हे नृत्य जपणाऱ्या कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, हे सांगितल्यावर त्या पोरांची मान ताठ झाली.

हा प्रश्न फक्त आपला नाही. टॉल्किनच्या 1954-55 मध्ये आलेल्या प्रसिद्ध कादंबरीत एल्फ उंच आणि देखणे, तर दुष्ट ऑर्क काळपट आणि फेंगड्या पायांचे आहेत. उलट हॅरी पॉटरमधला डॉबी वटवाघळासारख्या कानांचा, अंगात उशीचा जुना अभ्रा घालणारा, आणि तरी जिवाला जीव देणारा. डॉबी मुलांना आवडतो. म्हणजे रूप आणि गुण वेगळे करणं त्यांना जमतं, गोष्टीनं संधी द्यायला हवी.

शेवटी प्रत्येकानं 'आमच्या गावची परी' काढली. तांड्यावरच्या मुलीनं परीच्या केसांत आजीची घुगरी लोंबती ठेवली. कुणी कपाळावर गोंदण काढलं. एकानं तरीही गोरीच काढली, मी खोडली नाही. नाटकात ती कोलाम मुलगी परी झाली, पावडर न लावता. राक्षस झाला वर्गातला सगळ्यात गोरा पोरगा, आणि त्यानं गावाची विहीर एकट्यानं अडवून ठेवली. एका पालकांनी नंतर विचारलंच, "परी गोरी शोभली असती, नाही का?" मी म्हटलं, "दादा, तिच्या आईला विचारा."

एक सोपी गोष्ट करून पहा. पुढच्या वेळी गोष्ट सांगताना राक्षसाचा रंग सांगूच नका, त्यानं काय केलं तेवढं सांगा. पोरं घाबरायची तेवढी घाबरतातच. आणि खडूच्या पेटीतून तपकिरी खडू काढून तोही 'स्किन कलर' म्हणून हातात द्या. तुमच्या वर्गात काय झालं, ते नक्की कळवा.