कडक, खरपूस आणि करपलेली

आपल्याकडे चहा असो की कॉफी, तारीफ करायला एकच शब्द आहे: कडक. मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते, म्हणून शब्दांकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. भाजण्याच्या बाबतीत मराठी खरे तर फार श्रीमंत भाषा आहे. रवा भाजतात, कांदा परततात, शेंगदाणे खरपूस होतात, आणि लक्ष दुसरीकडे गेले की भाकरी करपते. उर्दूत भुनना आहे, आणि भाजताना घरभर पसरतो त्या वासाला सोंधी खुशबू म्हणतात. इतके शब्द जवळ असून कॉफी तोंडात गेल्यावर आपण फक्त 'कडक' म्हणतो, आणि दहापैकी आठ वेळा ती असते करपलेली.

हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण गेली दोन वर्षे माझा धाकटा भाऊ चिपळूणमध्ये कॉफी भाजून विकतो. जेद्दाच्या एका हॉटेलात कॉफीच्या काउंटरवर ११ वर्षे काढून तो परत आला. आमच्याकडे परत आलेला माणूस आधी घर वाढवतो, नाहीतर रिक्षा, टेम्पो घेतो. याने एका वेळी १ किलो दाणे भाजणारे मशीन घेतले. निम्मे पैसे बचतीतले, निम्मे हप्त्याने. अब्बांनी आठवडाभर त्याच्याशी धड बोलणे ठेवले नव्हते. मी सुट्टीच्या दिवशी तिथे वह्या तपासायला बसते, कारण दुकानात गिऱ्हाईक कमी आणि शांतता भरपूर असते. अशा बसण्यातूनच माझे कान आणि नाक तयार झाले.

तो कर्नाटकातल्या चिकमंगळूरकडचे अरेबिका दाणे मागवतो. कच्चा दाणा हिरवट करडा, दगडासारखा कडक, आणि त्याला कॉफीचा वास अजिबात नसतो. वास येतो तो ओल्या गवताचा. तापलेल्या पिंपात दाणे पडले की चार-पाच मिनिटांत ते पिवळे होतात. मग बेकरीसमोरून जाताना येतो तसा पावाचा वास सुटतो. हे उगाच नाही. दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांत मिसळून तपकिरी रंग आणि शेकडो वास तयार होतात; पावाचा वरचा पापुद्रा लाल होतो तोही याच क्रियेने. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. आपल्या बायकांना ती नावाशिवाय कधीचीच माहीत आहे. बिरयानीसाठी कांदा तळताना हेच तर चालते. सोनेरी झाला की उतरवायचा, कारण कढईतून काढल्यावरही तो थोडा पुढे जातो. एक मिनिट जास्त झाले की पूर्ण पातेले कडवट. त्या तळलेल्या कांद्याला आपण बरिस्ता म्हणतो, आणि कॉफी बनवणाऱ्यालाही हल्ली बरिस्ता म्हणतात. तो शब्द इटलीचा आहे, आपल्या कांद्याशी त्याचे नाते नाही, पण भाऊ जेद्दाहून पहिल्यांदा फोनवर म्हणाला की मी बरिस्ता झालो, तेव्हा अम्मीला वाटले याला भटारखान्यात कांदे तळायला लावले.

दाणा साधारण १९६ अंशांवर पोहोचला की तो फुटतो. आतली वाफ कोंडलेली असते, ती बाहेर पडताना मक्याच्या लाह्या फुटतात तसा आवाज होतो. दाणा फुगतो, त्याचे पातळ फोलपट सुटते. इथे किंवा यानंतर लगेच थांबले की ती हलकी भाजलेली कॉफी. आणखी दीड-दोन मिनिटे नेली की मध्यम. आणि २२४ अंशांच्या आसपास दुसरी तडतड सुरू होते, ती वेगळी असते, बारीक आणि घाईची, फोडणीत मोहरी तडतडते तशी. तेव्हा दाण्याच्या पेशींच्या भिंतीच तुटायला लागतात, आतले तेल वर येऊन दाणा चमकतो. ही काळी किंवा गडद भाजलेली. पहिल्या फुटण्यापासून दुसऱ्या तडतडीपर्यंत भावाच्या मशीनवर तीन-चार मिनिटे लागतात. कॉफीचे सगळे नशीब त्या तीन-चार मिनिटांत ठरते. तेवढ्या वेळात त्याच्याशी कोणी बोललेले त्याला चालत नाही, अब्बासुद्धा.

एकाच पोत्यातले दाणे तीन तऱ्हेने भाजून त्याने मला एकदा तीन कपांत दिले, दूध-साखर काही न घालता. हलकीत आंबटपणा स्पष्ट होता. वाईट आंबट नाही, कोकमाच्या सरबतात गोडाच्या मागे उभा असतो तसा, आणि वर फुलासारखा काहीतरी वास. मध्यममध्ये तो आंबटपणा मागे गेला, भाजलेला काजू आणि काकवीची चव पुढे आली. काळीत कडूपणा, धूर आणि जळलेली साखर. हे दाणे कुठल्या डोंगरावरचे, कोणत्या जातीचे, हे पहिल्या कपात कळते, दुसऱ्यात अंदाज येतो, तिसऱ्यात कुठल्याही मुलखाची कॉफी एकसारखीच लागते.

कारण साधे आहे. कच्च्या दाण्यात फळांतली आम्ले असतात, लिंबातले असते तसे आणि सफरचंदातले असते तसे. जास्त भाजत गेले की ती मोडत जातात. साखरही जळत जाते. अरेबिकात साखर रोबस्टाच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून भाजण्याच्या एकेका मिनिटाचा फरक अरेबिकात जास्त जाणवतो, आणि ती करपवली तर नुकसानही जास्त. कडूपणाचे म्हणाल तर तो सगळा कॅफिनचा नसतो. बराचसा भाजताना तयार होतो, आणि काळ्या भाजण्यात तयार होणारा कडूपणा अधिक रुक्ष, जिभेवर रेंगाळणारा असतो.

मग सगळ्यांनी हलकीच प्यावी का? मला तसे वाटत नाही. भाजणे हे त्यात पुढे काय पडणार आहे यावर ठरायला हवे. उमराहला जाऊन आलेल्यांनी सौदीत गहवा प्यायला असेल. पहिल्या घोटाला आपल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. ही कॉफी आहे? रंग हळदीच्या पाण्यासारखा, वास वेलचीचा. आमच्या ओळखीच्या एक खाला तर हा काढा आहे समजून औषधासारखा डोळे मिटून प्यायल्या. तो गहवा अरेबिकाचाच, पण इतका कमी भाजलेला की दाणा जेमतेम बदामी झालेला असतो. दाणा धुरकट झालेला नसल्यामुळे वेलची आणि केशर यांना बोलायला जागा मिळते. दूध नाही, साखर नाही, गोडी सोबतच्या खजुराची. दल्ल्यातून फिंजानमध्ये थोडाथोडाच ओततात, आणि पुरे झाले की मेहमान रिकामा फिंजान हलवून दाखवतो. या मेहमाननवाजीची नोंद २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत झाली. पण सगळे अरब अशीच पितात असे नाही. नज्दकडे सोनेरी चालते; उत्तरेला शाम, म्हणजे सीरिया-जॉर्डनच्या बाजूला गेलात की दाणा गडद होत जातो.

आपल्याकडे दक्षिणेची फिल्टर कॉफी जन्मालाच दुधासाठी आली आहे, शिवाय तिच्यात चिकोरीचे भाजलेले मूळ घालतात. हलकी भाजलेली कॉफी दुधात घाला, तिचे फूल-फळ सगळे बुडते आणि उरतो तो नासल्यासारखा आंबट भास. दुधाला टक्कर द्यायला मध्यमच्या थोडी पुढची, खरपूस कॉफीच हवी. ती पिणाऱ्याला अडाणी समजणारे शहरी शौकीन मला आवडत नाहीत. दाणा मात्र दोन्हीकडे एकाच घराण्याचा. आता 'अरेबिका' म्हणतात खरे, पण झाड मूळ इथिओपियाच्या डोंगरांतले. यमनमधल्या सूफींनी ते रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला जवळ केले, अरबांकडून जग ते शिकले, म्हणून १७५३ साली लिनियसने त्याला अरबांचे नाव दिले. यमनच्या मोखा बंदराकडून बाबा बुदन यांनी सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, असे १७व्या शतकापासूनचे सांगणे आहे. त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे.

काळी कॉफी 'जास्त चढते' ही समजूतही एकदा बाजूला ठेवायला हवी. भाजण्याने कॅफिन फारसे हलत नाही. दाणा जास्त भाजला की फुगतो आणि हलका होतो, म्हणून चमच्याने मोजलीत तर उलट काळ्या कॉफीत कॅफिन किंचित कमीच येते. झोप उडते ती जातीने: अरेबिकात ते साधारण सव्वा टक्का, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट.

आता हिशोबाची गोष्ट. भाजताना पाणी उडते, वजन घटते. भावाच्या काट्यावर १ किलो कच्च्या दाण्यांची हलकी कॉफी साधारण ८७० ग्रॅम भरते आणि काळी ८०० ग्रॅम. म्हणजे तेच दाणे असतील तर काळी महाग पडायला हवी. बाजारात ती स्वस्त का मिळते? कारण कच्चा माल स्वस्तातला असतो. हलक्या भाजलेल्या दाण्यात काहीच लपत नाही. अपुरा पिकलेला दाणा फिकट राहून वेगळा दिसतो, जुना दाणा कागदासारखा लागतो, भिजलेल्याचा कुबट वास येतो. काळ्यात सगळे एका रंगाचे, एका चवीचे.

हीच गोष्ट गेल्या वर्षी आमच्या घरात येऊन बसली. महामार्गावरच्या एका हॉटेलमालकाने भावाला महिन्याला २० किलोचे काम देऊ केले. दाणे त्याचेच, त्याने कुठूनतरी घाऊक भावात उचललेले. पोते उघडले तर पावसाळा खाल्लेला माल, काही दाण्यांवर पांढरी बुरशी. मालक म्हणाला, "काळी भाजून दे, वास जातो. दुधात कोणाला कळतंय? आणि मॉन्सून्ड कॉफी असतेच की, परदेशात जाते." ती असते हे खरे आहे. मलबार किनाऱ्यावर चांगला अरेबिका हवेशीर गोदामात पसरून पावसाळी वाऱ्यावर फुगवतात, पण तो तीन-चार महिने सारखा खालीवर करतात, पुन्हा निवडतात, खराब दाणा काढून टाकतात. बंद पोत्यात भिजलेल्या मालाला ते नाव देणे म्हणजे उतरलेल्या भाताला खीर म्हणण्यासारखे. शिवाय भाजल्याने बुरशीचा वास दबतो, पण तिने दाण्यात सोडलेले विष सगळे जळून जातेच असे नाही.

त्या रात्री इशानंतर सगळे बसलो. मशीनचा हप्ता थकला होता, दुकानाचे भाडेही. अब्बा म्हणाले, "माल त्याचा, पिणारी गिऱ्हाइकं त्याची. तू फक्त मजुरी घेतोस. शिंपी कापडाचा जिम्मा घेतो का?" हे सहज उडवून लावण्यासारखे बोलणे नव्हते. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शिंपी फाटकं कापड शिवून देतो अब्बा, पण फाटलेलं दिसत असतं. मला तर तो फाटलेलं दिसू नये याचेच पैसे देतोय." मग माझ्याकडे वळून, "आपा, तुम्ही सांगा." मी सांगितले की कोणाला काळी हवी असेल तर चांगले दाणे काळे भाजून देण्यात मला काही वावगे वाटत नाही, लोकांची आवड आहे, तिचा मान राखावा. पण इथे आवड पिणाऱ्याची नाही, गरज विकणाऱ्याची आहे. भाभी काही बोलली नाही. आत गेली आणि भिशीचे ठेवलेले पैसे आणून भावासमोर ठेवले.

भावाने मालकाला कळवले की माझे दाणे घ्या, हवी तेवढी काळी करून देतो. दर ऐकून तो पुन्हा आला नाही. ते पोते नंतर कुठेतरी भाजले गेले असणार, आणि कोणीतरी ते 'कडक' म्हणून प्यायलेही असणार.

आता दुकानात मध्यम सर्वांत जास्त जाते. हलकी घेणारे थोडे, बहुतेक आखातातून परतलेले आणि कॉलेजची दोन-तीन मुले. रमजानमध्ये गहव्यासाठी बदामी भाजलेली मागतात, वेलची वेगळी कुटून देतो. तुम्ही कुठूनही कॉफी घ्या, दोन गोष्टी बघा. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का, आणि दाण्यावर तेल तरंगतेय का. तेल वर आलेला दाणा हवेत लवकर खवट होतो, तो थोडाच घ्यावा आणि लवकर संपवावा. ताजी हलकी कॉफी मात्र त्याच दिवशी पिऊ नका. आतला वायू निघायला चार-पाच दिवस द्या.

अब्बांना अजून काळीच लागते, म्हशीच्या दुधात, दोन चमचे साखर. भाऊ त्यांच्यासाठी पाव किलो चांगले दाणे वेगळे काढून दुसऱ्या तडतडीपर्यंत नेतो, आणि ते पिंपातून ओतताना दर वेळी तोंड वाकडे करतो. भाभीच्या भिशीचे पैसे फिटले आहेत. मशीनचे १४ हप्ते बाकी आहेत.