पन्नास रुपयांची लक्ष्मी

केरसुणीला हस्तकला म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्यात ते जातीचं काम. बारा बलुत्यात मांगाच्या वाट्याला दोर वळणं अन् केरसुण्या बांधणं आलं. बैल गावाचे, वाडे गावाचे, हात आमचे. मोल सुगीला, तेही धान्यात, पायरीखाली पदर पसरून. किती सुपं पडणार ते घालणारा ठरवणार. त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा'त बलुत्याची रीत लिहून ठेवलीय. पदर पसरणारीला काय वाटायचं ते मात्र माझ्या आईला विचारावं.

१९७२ च्या दुष्काळात आये अन् बा माण तालुक्यातून निघाले ते कांदिवलीला आले. पूर्वेला टेकडीच्या उतारावर खोपटं टाकलं. बा नाक्यावर बिगारीला उभा राहायचा. आयेनं आकुर्ली रोडच्या कडेला गोणपाट अंथरलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "कितीला?" तिला उत्तरच येईना. जन्मात कुणी तिला केरसुणीचा भाव विचारला नव्हता. शेवटी बोलली, "बारा आणे." गिऱ्हाइकानं आठ आण्याला नेली. नेऊ दे. पण बारा आणे हा आमच्या सात पिढ्यांत आमच्या माणसानं तोंडानं सांगितलेला पहिला भाव. आजही हे सांगताना तिचा आवाज चढतो.

माल म्हणजे शिंदीचा पाला. गावाकडं ओढ्याकाठी जायचं, काटे चुकवत फड कापायचे, वाळवायचे, भारे एसटीच्या टपावर टाकून आणायचे. मग पाणी मारून पानं मऊ करायची, चिरायची, पायाच्या बोटात धरून मूठ आवळायची. दिवसभरात आठ-दहा होतात. बोटं चिरतात ती वेगळीच. शेजारी मेघालयाकडच्या गवताचे फूलझाडू अन् प्लास्टिकचे झाडू टांगलेले. बारा महिने गिऱ्हाईक त्यांचं. आमचं चार दिवसांचं, दिवाळीचं. लक्ष्मीपूजनाला शिंदीचीच लागते.

एका दिवाळीत गाडीतून बाई उतरल्या. पन्नास सांगितले, चाळीसवर अडल्या. वर म्हणाल्या, "पूजेला हवीय, पाय लागलेली नको." आये म्हणाली, "बाई, पायात धरूनच बांधलीया." त्या गप झाल्या. ती ठेवली अन् दुसरी उचलली. दुसरी काय, हवेत बांधली होती?

फेरीवाल्यांचा कायदा २०१४ साली झाला. सर्वेक्षण होऊन दाखला मिळेपर्यंत कुणाला उठवू नये असं त्यात लिहिलंय. वाचायला बरं वाटतं. सर्वेक्षणवाले आले तेव्हा आये पाला आणायला गावी. जो आपल्या हातानं माल बनवतो तो रोज जागेवर कसा सापडणार? आयता माल विकणारा सापडतो. पुढं सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं मेली. त्यानंतर हायकोर्टानं सांगितलं, स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत बसायचं नाही. आयेला मीटर कळत नाही. तिनं पावलं मोजली अन् गोणपाट पुढच्या गल्लीच्या तोंडाला नेलं. तिथं गिऱ्हाईक निम्मं.

मध्यंतरी प्रदर्शनवाली एक मुलगी आली. बोलायला गोड. म्हणाली, आजी, वीतभर केरसुण्या करा, भिंतीवर लावायला, दीडशेला एक जाईल. आये माझ्याकडं बघाय लागली. "झाडायची न्हाई तर घ्यायची कशाला?" मी म्हटलं, पैसे तिप्पट मिळतील. तिनं दहा बांधून दिल्या. तिथं पाटीवर 'पारंपरिक हस्तकला' लिहिलं होतं. कुणाची परंपरा, ते नव्हतं. दहाही गेल्या. पैसे आले ते तिनं दोनदा मोजून घेतले.

मला तिनं मूठ कधी आवळू दिली नाही. पाला हातात घेतला की हातावर फटका. "तू लिव्ह." म्हणून हिशेबाची वही माझ्याकडं. यंदा एसटीवाल्याला भाऱ्याचे जास्त द्यावे लागले. दिवाळीला साठ सांगायचे, पंचावन्नच्या खाली यायचं नाही, असं तिनं ठरवलंय.