पत कुणाच्या नावावर?

किराणा दुकानात तुमच्या नावाची वही आहे का हो? माझी आहे. मंचरच्या बाजारात गेली बारा वर्षं आम्ही एकाच दुकानातून सामान भरतो. महिनाअखेरीला हात आखडला, तर दुकानदारकाका काही न विचारता वहीत लिहून घेतात, आणि ५ तारखेच्या आत मी ते फेडते. दूधवाला, भाजीवाली, भिशीतल्या मैत्रिणी, साऱ्यांना ठाऊक आहे की ही बाई कुणाचा पैसा बुडवायची नाही. पत म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं.

२०२३ च्या दिवाळीनंतर घरमालकांनी सांगितलं, "मुलाचं लग्न ठरतंय, दोन वर्षांत जागा लागेल." मग आम्ही ठरवलं, आता भाड्याचं घर पुरे. ह्यांचं विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान, माझी शाळेतली अर्धवेळ नोकरी आणि संध्याकाळच्या शिकवण्या. दोघं मिळून हप्ता भरू, अशा हिशेबानं आम्ही बँकेत गेलो.

साहेबांनी आधी ह्यांचा पतअहवाल काढला. चुलत दिरांच्या टेंपोच्या कर्जाला हे जामीन राहिले होते. त्यांचे हप्ते थकले होते, आणि ती थकबाकी ह्यांच्याही अहवालात उमटली होती. जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. हे जामीन राहिलेत, हेसुद्धा मला त्याच दिवशी कळलं!

मग माझा अहवाल निघाला. आकड्याच्या जागी उणे १. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल वाईट काही नाही, पण चांगलंही काही दिसत नाही. तुम्ही आमच्या लेखी नव्यानंच जन्माला आलात."

शिलाई मशीनसाठी मी पतसंस्थेतून कर्ज घेतलं होतं, त्याचे ३६ हप्ते एकही न चुकवता फेडले होते. त्याची अहवालात नोंदच नव्हती. घरी येताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

मैत्रिणींनो, मी ओतूरच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे ३१ मार्च सणासारखा पाळला जाई. कांद्याला भाव मिळो न मिळो, सोसायटीचं पीककर्ज त्या तारखेच्या आत फेडायचं, हा अण्णांचा नेम. पण सातबारा अण्णांचा, म्हणून कर्ज अण्णांचं आणि पतही अण्णांची. मजुरांचे पैसे चुकते करणारी, पै पै बाजूला ठेवणारी आई कुठल्याच कागदावर नव्हती. माझंही तेच झालं होतं की!

शाळेत मी इतिहास शिकवते. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. बुरूड, कासार अशा कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याच्या नोंदी त्यांत सापडतात. विश्वास होता, तरी माणसांनी तो दगडावर कोरून ठेवला. मग म्हटलं, आपणही आपली नोंद करायला लागू.

साहेबांनी सांगितलं तसं मी मार्च २०२४ मध्ये शिकवणीच्या पैशांतून २५ हजारांची मुदत ठेव केली आणि तिच्या तारणावर माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड घेतलं. नवऱ्याच्या कार्डावर मिळणारं पुरवणी कार्ड चालत नाही. त्यावरचा चोखपणा नवऱ्याच्याच खाती जमा होतो. मर्यादा मिळाली २० हजारांची. विजेचं बिल, गॅस आणि थोडा किराणा एवढंच त्यावर घ्यायचं, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापुढे जायचं नाही, आणि बिल मुदतीआधी पुरतं भरायचं, असा नेम केला.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला अजून जड जातं. दिरांची थकबाकी मिटल्याशिवाय ह्यांचा अहवाल सुधारणार नव्हता. जूनमध्ये मी माझ्या दोन पाटल्या बँकेत तारण ठेवून १२ हप्त्यांच्या बोलीवर ४० हजार घेतले आणि त्यातून थकबाकी भरली. सासूबाई जेवत्या ताटावरून उठल्या. "त्याचं कर्ज, आणि सोनं माझ्या सुनेचं?" त्यांचं चुकलं नव्हतं. हे खाली मान घालून बसले होते. मी एवढंच म्हटलं, "पाटल्या परत येतील. पण ह्यापुढे कुणालाही सही देण्याआधी मला विचारायचं." तो शब्द ह्यांनी आजवर पाळला आहे. दिरांनीही पुढचे हप्ते वेळेवर भरले. कर्ज माझ्या नावावर असल्यामुळे ते फेडल्याची नोंदही माझ्याच नावावर झाली. आईच्या वेळी जे झालं नव्हतं, ते झालं.

माझी चूकही सांगते. २०२४ च्या दिवाळीत ओतूरला होते. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून छोटा आकडा होता. तेवढाच भरून निश्चिंत झाले. नोंद बिघडली नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज बसलं, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून बसू लागलं! तुम्ही 'किमान' ह्या शब्दाला भुलू नका. आणि घाईनं चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक बँकेची चौकशी अहवालात उमटते.

आपला अहवाल स्वतः पाहिल्यानं मात्र गुण कमी होत नाहीत. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क ह्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चुकीची नोंद दिसली तर लेखी तक्रार करा. पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असंही रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. पण नाकारायचं नाही म्हणजे द्यायचंच, असं नाही.

मे २०२५ मध्ये पाटल्या घरी आल्या. सासूबाईंनी त्या स्वतः माझ्या हातात चढवल्या. ऑगस्टमध्ये माझ्या अहवालात उणे एकाच्या जागी ७६१ आले. हे गुण ३०० ते ९०० असतात. आम्ही पुन्हा त्याच साहेबांसमोर बसलो. मागितले होते १८ लाख, मंजूर झाले १५. एक खोली कमी झाली, पण घर झालं. आणि ते माझ्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात घर केवळ बाईच्या नावावर घेतलं, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ह्यांनी सुचवलं ते त्या सवलतीसाठी, असं हे म्हणतात. मी मान डोलावते.

किराणा दुकानातली वही अजून आहे. पण काकांची वही दुकानाच्या उंबऱ्याबाहेर कुणी वाचत नाही. तुमचा चोखपणा कुठे लिहिला जातोय, आणि कुणाच्या नावावर? घर घ्यायची वेळ येण्याआधी एकदा पाहाल ना?