नोंदवहीतला नकार

मुक्ताईनगरच्या एका हायस्कूलमध्ये अकरा वर्षं परीक्षा विभाग माझ्याकडे होता. शाळेतून झेरॉक्सला जाणारा प्रत्येक कागद माझ्या सहीने बाहेर पडायचा. टेबलावर एक लांबट नोंदवही असायची: तारीख, वर्ग, मजकूर, किती प्रती, शेरा. त्या शेऱ्याच्या रकान्यात मी कितीदा तरी 'परवानगी नाही' असं लिहिलं. ते चुकलं होतं आणि फार उशिरा कळलं, म्हणून हे लिहिते आहे.

२०१४ च्या पावसाळ्यात नववीला मराठी शिकवणाऱ्या नव्या बाई बहिणाबाईंची एक कविता घेऊन आल्या. पाठ्यपुस्तकात नसलेली. म्हणाल्या, "मॅडम, अठ्ठेचाळीस प्रती हव्यात. घरातलीच बोली आहे, हातात कागद असला तर पोरं मोठ्याने वाचतील." मी त्यांच्या हातातलं पुस्तक उघडलं, आतल्या पानावरची हक्क राखून ठेवल्याची ओळ दाखवली आणि सांगितलं, फळ्यावर लिहा.

त्यांनी लिहिली. मी त्या वर्गावरून जाताना दाराशी थांबले. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली पंचवीस मिनिटं उतरवण्यातच गेली. खिडकीच्या उजेडाने फळा चकाकत होता, त्या बाजूची मुलं शेजारच्या वहीतून उतरवत होती आणि तिथली चूकही सोबत घेत होती. एका मुलीच्या वहीत दुसरं कडवं अर्ध्यावर तुटलं होतं. खाली तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढचं पुसलं.' कविता मोठ्याने वाचायची राहूनच गेली. आणि हे कुठे, तर बहिणाबाईंचं जन्मगाव आसोदा जिथून तास-दीड तासावर आहे त्या गावात! बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तीच गाणी कागदावर मुलांच्या हातात देऊ दिली नाहीत मी.

याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते. खरं तर ती भीती होती. कोणी तक्रार केली, शाळेला नोटीस आली, तर सही माझी होती. अपठित उताऱ्यासाठी वर्तमानपत्रातला लेख घेऊ नका, उतारा स्वतः लिहा, असंही मी सगळ्यांना बजावायचे. मात्र ज्या कायद्याच्या नावाने हे चाललं होतं, तो मी एकदाही वाचला नव्हता.

सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्याची बातमी आली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला होता. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांमधली पानं एकत्र बांधून तिथे विद्यार्थ्यांना मिळायची. १६ सप्टेंबरला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो दावा फेटाळला. लेखकाचा हक्क हा दैवी किंवा निसर्गदत्त नाही, ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने दिलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तो पुन्हा सुनावणीला पाठवला, पण सांगितलं की किती पानं काढली यापेक्षा ती शिकवण्यासाठी लागतात का, हे बघायचं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

बातमी वाचून मी पहिल्यांदा १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला. कलम ५२. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या साहित्याची प्रत काढली तर तो हक्कभंग होत नाही. परीक्षेतल्या प्रश्नांसाठी आणि त्यांच्या उत्तरांसाठीही नाही. इतकं सरळ लिहिलेलं आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि नोंदवहीतले सगळे नकार डोळ्यांपुढे आले.

वर आणखी एक गोष्ट कळली. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, आणि साहित्य मृत्यूनंतर छापलं गेलं तर छापल्यापासून साठ वर्षं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, गाणी १९५२ साली पुस्तकात आली. म्हणजे २०१३ च्या पहिल्या दिवसापासून ती सर्वांची झाली होती. मी नकार दिला तो २०१४ साली. त्याच पुस्तकातल्या आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेवर मात्र हक्क आहे, कारण ते १९६९ साली गेले. साने गुरुजींचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. धरणगावचे बालकवी तर कधीचेच.

याचा अर्थ काहीही छापा असा मी घेत नाही. कादंबरीकार भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांच्या कादंबरीतली चार पानं वर्गात वाचायला द्यायची, तर आता मी बेधडक सही करीन. पण पन्नास मुलांनी विकत घ्यायचं पुस्तक पैसे वाचवायला अख्खंच झेरॉक्स करायचं, किंवा दुसऱ्याची प्रश्नपेढी आपल्या नावाने छापून पोरांना विकायची, याला माझा विरोध कालही होता, आजही आहे. लिहिणाऱ्याचं पोट त्याच्यावर चालतं. माझी चूक वर्गासाठी प्रती काढणं आणि ही चोरी एकच समजण्यात होती.

जानेवारी २०१७ मध्ये मी त्या बाईंना स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं की तेव्हा मी चुकले, कायदा न वाचता तुम्हाला अडवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, रागवू नका. त्या दिवसानंतर मी स्वतःच्या पैशाने भुसावळहून प्रती काढून आणायचे. तास संपला की परत गोळा करायचे, तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

अडीच वर्षं. एक चांगली शिक्षिका माझ्यामुळे चोरासारखी कविता वर्गात नेत होती, आणि मुलांना तो कागद घरी न्यायलाही मिळत नव्हता. आईला, आजीला वाचून दाखवायला नेला असता त्यांनी.

पुढच्या सोमवारी नोंदवहीत त्यांच्या अक्षरात नोंद आली: नववी ब, बहिणाबाईंच्या दोन कविता, पाठपोट, एकूण बावन्न प्रती, मुलांनी घरी न्यायच्या. मी सही केली. शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला.