संकासुर कुठे गेला?



नववीच्या संगणकाच्या तासाला मी अधूनमधून मागच्या बाकावर येऊन बसतो. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले; ‘क्लास’, ‘मेथड’ हे शब्द मी तुमच्याबरोबरच शिकतो आहे. (‘पालक वर्ग’ म्हटले की मला सभेला येणारे पालकच दिसतात, म्हणून इथे क्लासच म्हणतो.)

पायथॉनमधील वारसा शिकवताना शिक्षकांनी दशावताराचे उदाहरण घेतले. पेडणे-डिचोलीच्या मुलांना याहून जवळचे काय असणार? आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर. मग आख्यान. आडदशावतार ठरलेला, आख्यान मात्र दर प्रयोगाला वेगळे. म्हणून ‘दशावतार’ हा पालक क्लास आणि ‘आजचा_प्रयोग’ हा त्याचा अपत्य क्लास. दोघांतही ‘सादर’ नावाची मेथड. पायथॉन ३ मध्ये अशी नावे देवनागरीत लिहिता येतात, हे मला फार आवडले.

कार्यक्रम चालवला. पडद्यावर थेट आख्यान! गणपती नाही, संकासुर नाही, आणि चुकीचा संदेशही नाही. अपत्याने त्याच नावाची मेथड लिहिली की पालकाची झाकली जाते. ती पुसली जात नाही, पण बोलावल्याशिवाय येतही नाही. ‘सुपर().सादर()’ ही ओळ आख्यानाच्या आधी घातली आणि सगळी पात्रे हजर झाली. तीच ओळ शेवटी घातली असती तर गणपती पहाटे आला असता.

एकाने मात्र आडदशावताराच्या ओळीच उतरवून आपल्या क्लासात घातल्या. चालले की! पुढे शिक्षकांनी पालकात ब्रह्मदेव वाढवला. इतरांच्या पडद्यावर तो आला, याच्या नाही.

खरी फजिती ‘इनिट’मध्ये होते. अपत्याने स्वतःची इनिट लिहिली आणि पालकाची बोलावली नाही, तर पालकाने करायची पात्रांची यादी तयारच होत नाही. मग कार्यक्रम भलत्याच ओळीवर अडतो. जावात सुपर लिहिले नाही, तर पालकाचा बिनमाहितीचा कन्स्ट्रक्टर आपोआप बोलावला जातो. पायथॉन ते काम आपल्यावर सोडतो.

नॉर्वेत १९६७ साली झालेल्या सिम्युला भाषेत उलट रीत होती. तिथे पालक आधी सुरू होई आणि ‘इनर’ या शब्दापाशी अपत्याला आत घेई. आपल्या नाटकाला मला ती जास्त शोभते.

ज्यांच्या घरी कोणी दशावतारात काम करतात, त्यांनी आडदशावतारातील पात्रांचा क्रम विचारून लिहून आणावा. आमच्या पालक क्लासात अजून काही जागा रिकाम्या आहेत.